सारजाबाईच्या टिकलीचा नंबर

पुंडलिकनगरात मेन रोड सोडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी आठ बाय दहाचं एक दुकान लागतं. पाटीवर ‘मोनिका लेडीज कॉर्नर’ लिहिलंय, पण ती पाटी वाचून आजवर कुणी आत शिरलं असेल असं वाटत नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका ‘सारजाबाईकडं’ जातात. बांगड्या, पिना, फॉल, क्लिपा, मेंदीचे कोन आणि टिकल्या. टिकल्यांना तर अख्खी एक भिंत दिलेली. दोरीला लटकवलेली पाकिटं पंख्याच्या वाऱ्यानं दिवसभर फडफडत असतात.

या दुकानात सारजाबाईनं बावीस वर्षं काढली. माहेर करमाडकडचं, सासर चिकलठाण्याचं, नवरा बद्रीनाथ तिथल्याच एका कारखान्यात फिटर. शिक्षण सातवी. पण बाईचा हात नुसता लांबून बघितला तरी बांगडी दोन-सहा लागेल की दोन-आठ, हे तिला कळायचं. एखादीनं उगाच नाजूकपणा दाखवत लहान माप मागितलं तर ती तोंडावर सांगायची, “चढवायला चढवीन बाई, पण काढायला दवाखान्यात जावं लागंल.”

टिकल्यांचंही तसंच. पाकिटावर नंबर असतो, आणि नंबर जितका कमी तितकी टिकली मोठी. कॉलेजच्या पोरी मोहरीएवढ्या दहा-बारा नंबरच्या नेतात, सुना सहा-सातवर असतात, पन्नाशीच्या बायका तीन-चारवर येऊन थांबतात. कोण कोणत्या नंबरवर आहे हे सारजाबाईला पाढ्यासारखं पाठ होतं. कुणी एकदम मोठा नंबर मागितला की ती खुशीत यायची, पाकीट काढून द्यायची आणि वर म्हणायची, “घे, कपाळ कसं भरून दिसंल.”

तिचा स्वतःचा नंबर मात्र गेल्या सहा वर्षांत सारखा उतरत आला होता. सहावरून पाच, पाचवरून तीन, आणि आता थेट एक. लालभडक मखमली टिकली, रुपयाएवढी. गल्लीनं तिचा आपल्या परीनं अर्थ लावला. दुकान चाललंय, गच्चीवर खोली चढली, मग टिकली वाढणारच. त्यात सारजाबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाकडं जाईनाशी झाली. तिळगूळ घरपोच पाठवायची, स्वतः यायची नाही. मग काय, बायकांनी निकालच लावून टाकला की सारजाबाईच्या डोक्यात हवा गेली. बायकांचं कोर्ट असतं ते. तिथं आरोपीला काही विचारत नाहीत.

खरी गोष्ट एवढीच होती की त्या टिकलीखाली पांढरा डाग होता.

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो ज्वारीच्या दाण्याएवढा होता. आंघोळ करून ती आरशासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. कोड. तिच्या माहेरच्या गावात एका बाईला कोड होतं. तिच्या हातचं पाणी कुणी पीत नसे, आणि तिच्या दोन धडधाकट पोरी तिशी उलटली तरी घरात बसून होत्या. गाव मूर्ख होतं हे आज सांगणं सोपं आहे. कोड शिवल्यानं होत नाही, पापानं होत नाही, कोड असलेली माणसं नोकऱ्या करतात आणि संसार करतात. पण सारजाबाईच्या घरात तेव्हा सतरा वर्षांची मोनिका होती. कुणाला कळलं तर पोरीचं लग्न व्हायचं नाही, हे एकच वाक्य त्या सकाळी तिच्या डोक्यात शिरलं आणि सहा वर्षं तिथंच ठाण मांडून बसलं.

म्हणून तिनं डागावर टिकली लावली. डाग टिकलीबाहेर डोकावला की मोठी टिकली लावली. आंघोळीला टिकली, झोपताना टिकली, बदलायची ती न्हाणीघराला आतून कडी घालून. हळदीकुंकवाला तर जाणंच नको, कारण तिथं समोरची बाई करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून कपाळावर दाबणार, टिकली सरकणार, आणि गल्लीभर बोभाटा होणार. दुकानाच्या गल्ल्यामागं बसून हजारो बायकांना सजवणारी ही बाई स्वतःच्या कपाळाला कुणाचं बोट लागू देत नव्हती.

मागच्या वर्षी जून महिन्यात दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्किन क्लिनिक आलं. काचेचं दार, आत गारेगार एसी, आणि बाहेर भलामोठा बोर्ड. लेझर, पील, हायड्राफेशियल, पीआरपी. सारजाबाईला त्यातला ‘फेशियल’ एवढाच शब्द ओळखीचा वाटला. पोरी जिना चढून जायच्या आणि तासाभरानं लालबुंद होऊन खाली उतरायच्या. “पैसे देऊन तोंड भाजून घ्यायलेत,” असं तिनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. दुसऱ्या महिन्यात त्याच पोरींच्या गालावरचे मुरमांचे खड्डे भरत आलेले तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले, पण तसं काही तिनं जाहीर केलं नाही.

डॉक्टर होती विशाखा खरात. वय तिशीच्या आसपास, वडील पोस्टातून रिटायर झालेले, शिक्षण इथंच शहरात झालेलं. एक दिवस ती सेफ्टी पिना घ्यायला खाली आली. पिना घेतल्या, पैसे दिले, आणि निघताना सारजाबाईच्या कपाळाकडं एक क्षण जास्त बघितलं. सारजाबाईनं लगेच पदर डोक्यावर ओढला.

“काकू, टिकलीच्या कडेला खाज येते का कधी?” विशाखानं विचारलं.

“नाय बा,” सारजाबाई म्हणाली आणि पाठमोरी होऊन बांगड्यांचे डबे लावू लागली. खाज येत होती. सहा वर्षं येत होती.

श्रावणात मोनिकाला स्थळ आलं. पडेगावचा इंद्रजीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, थोडी शेती, शांत मुलगा. मोनिका एका पतपेढीत कामाला होती. दोघं एकमेकांना एकदा बाहेर भेटले आणि दोघांनीही घरी येऊन होकार दिला. मग मुलाची आई, चतुराबाई, रीतसर बघायला आल्या. उंच, काठापदराची साडी, ठसठशीत टिकली, बोलणं मोजकं. चहापाणी झाल्यावर सारजाबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढं झाली, तर चतुराबाईंनी करंडा तिच्या हातातून काढून घेतला. “राहू द्या, घामाघूम झालेय,” म्हणाल्या आणि स्वतःच मंगळसूत्राला कुंकवाचं बोट लावून मोकळ्या झाल्या. सारजाबाईला बाईचा तोरा खटकला, पण परत आपल्याला कुंकू लावून घ्यावं लागलं नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ तिथं राहिला नाही. त्याच बैठकीत ठरलं की तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा. साखरपुड्याला विहीणभेट असते. दोन्ही विहिणींना सगळ्यांसमोर पाटावर उभं करतात, त्या एकमेकींना हळदीकुंकू लावतात आणि गळ्यात पडतात. तिथं ‘घामाघूम झालेय’ चालत नाही.

तीन महिने हातात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली सामसूम असताना, सारजाबाईनं शटर अर्धं ओढलं आणि चोरासारखी जिना चढून वर गेली.

विशाखानं कापसाला तेल लावून ती टिकली अलगद सोडवली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं तो डाग दुसऱ्या माणसाला बघू दिला. सारजाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले होते. खोलीतला दिवा मालवून विशाखानं एक जांभळ्या उजेडाचा दिवा कपाळाजवळ धरला, मग अंगावर आणखी कुठं डाग आहेत का ते तपासलं. हात, कोपरं, पाय, ओठ. कुठंही काही नव्हतं. मग तिनं एक साधा प्रश्न विचारला.

“डाग आधी आला का टिकली आधी?”

“टिकली तर लग्नापासून लावते. आधी लहान होती.”

“आणि डाग वाढला तशी टिकली वाढवली.”

“मग काय करावं? झाकाय नको?”

विशाखा खुर्ची ओढून समोर बसली. “काकू, मला वाटतं हे टिकलीच्या गोंदानं झालंय. गोंद चिकट राहावा म्हणून त्यात एक रसायन घालतात. सगळ्यांना त्रास होत नाही. पण काही जणींच्या कातडीतल्या रंगाच्या पेशी त्यानं मरतात. तुम्ही डाग झाकायला मोठी टिकली लावली, मोठ्या टिकलीला जास्त गोंद, म्हणून डाग मोठा. आणि तुम्ही ती रात्रीही काढली नाही.”

सारजाबाईला हे पटेना. बावीस वर्षं ती हाच माल विकत होती. टिकलीनं कुणाचं वाईट झाल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. विशाखा म्हणाली, बघू या की. तुमच्याच दुकानातली चार पाकिटं आणा. मग तिनं चार प्रकारच्या टिकल्या सारजाबाईच्या पाठीवर ओळीनं चिकटवल्या, वरून पट्टी लावली आणि सांगितलं की दोन दिवस पाठ भिजवायची नाही.

आता ज्या बाईनं सहा वर्षं कपाळ लपवलं, तिला दोन दिवस पाठ लपवता आली असती. पण दुसऱ्या सकाळी पट्टीचं वरचं टोक सुटलं, आणि बद्रीनाथ डबा घ्यायला स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याला बायकोच्या ब्लाउजच्या गळ्यातून पाठीवर टिकल्या दिसल्या.

“पाठीला टिकल्या कामून लावल्या?” त्यानं विचारलं.

सारजाबाईचा बांध फुटला. ती ओट्याला धरून रडली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं, डाग, कोड, मोनिका, पडेगाव. बद्रीनाथ डबा हातात घेऊन उभा होता.

“मला म्हायती हाय,” तो म्हणाला.

“काय म्हायती हाय?”

“डाग. चार-पाच साल झाले. तू झोपलीस की टिकली उशीला चिकटती. मी सकाळी उठलो की ती उचलून पुन्हा तुपल्या कपाळाला लावतो, मग चहा ठेवतो. तू सांगशील तवा सांगशील, म्हणलं.”

इतकी वर्षं सारजाबाईला वाटत होतं की आपली टिकली रात्रभर जागची हलत नाही. ती नवऱ्यावरच चिडली. सांगायचं नव्हतं का एकदा? निदान रात्री तरी टिकली काढून निर्धास्त झोपता आलं असतं. बद्रीनाथनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात कुठं बोलायचं आणि कुठं डबा घेऊन निघायचं, हे त्याला चांगलं कळत होतं.

दोन दिवस भरल्यावर पट्टी निघाली तेव्हा चारांपैकी दोन टिकल्यांखाली कातडी लाल झाली होती. त्यातली एक होती सारजाबाईची लाडकी लाल मखमली. विशाखानं मोबाईलवर पाठीचा फोटो काढून तिला दाखवला, आणि मग सारजाबाईनं वाद घातला नाही.

इलाज ठरला. दोन वेळा मलम, आठवड्यातून दोनदा वर येऊन मशीनचा शेक. हे मशीन विशाखानं नवीनच घेतलं होतं. पूर्वी अशा रुग्णाला अंगभर उजेडात उभं करायचे, आता टॉर्चएवढी नळी फक्त डागावर धरायची आणि मिनिटभरात काम होतं. “सगळा डाग भरेलच असं मी आज सांगत नाही,” विशाखा म्हणाली. “नाही भरला तर पुढचा रस्ता आहे. मांडीवरची पातळ कातडी घेऊन, त्यातल्या रंगाच्या पेशी वेगळ्या काढून डागावर लावता येतात. रोप लावतात ना, तसं. पण ते नंतर. आधी टिकली बंद. एक दिवससुद्धा नाही.”

एक दिवससुद्धा नाही, हे म्हणायला ठीक आहे. सवाष्ण बाई, टिकल्यांचं दुकान, आणि कपाळ मोकळं? सारजाबाईनं मधला मार्ग काढला. घरी टिकली काढायची आणि दुकानात लावायची. वर जाताना जिन्यात काढून पदराच्या टोकाला चिकटवायची. महिनाभर शेक घेतले, मलम चोळलं, डाग जागचा हलला नाही. मग एका मंगळवारी विशाखानं तिच्या कपाळावर बोट फिरवलं आणि ते बोट तिला दाखवलं. गोंद.

“काकू, मी वर डाग भरते आणि तुम्ही खाली जाऊन तो उकरता. असं करायचं असेल तर येऊ नका. तुमचाही वेळ जातो, माझाही.”

लेकीच्या वयाची डॉक्टर, पण बोलली ती सासूसारखी. सारजाबाई खाली आली, गल्ल्याजवळच्या आरशात बघितलं, आणि त्या दिवसापासून टिकली बंद केली ती केलीच.

पहिला आठवडा फार वाईट गेला. कोपऱ्यावरची एक म्हातारी दोरा घ्यायला आली, सारजाबाईचं मोकळं कपाळ बघून मटकन बाकावर बसली आणि विचारू लागली, “कवा झालं गं? बद्रीनाथ तर चांगला होता.” तेवढ्यात बद्रीनाथ दुकानासमोर स्कूटर लावून उतरला. म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचारा आपलंच काही चुकलं की काय म्हणून गोंधळून गेला. काही बायका डाग बघून पैसे काउंटरवर ठेवायला लागल्या, हातात देईनात. हे सारजाबाईला लागलं, आणि चांगलंच लागलं. पण तिनं त्यांचे उरलेले पैसे मुद्दाम हातातच दिले.

आणि मग भामाबाई आली. भामाबाई शाळेत आया होती, सकाळी लवकर कामाला जायची. ती म्हणाली, “दोन नंबरच्या टिकल्या दे.” मागच्या वर्षी ती पाचवर होती, संक्रांतीला तीनवर आली होती. सारजाबाईचा हात पाकिटावरच थांबला. तिच्या डोळ्यांसमोरून गल्लीतल्या बायका एकेक करून सरकायला लागल्या. पाचवरून तीनवर आलेली, चारवरून दोनवर आलेली. प्रत्येकीला आपणच मोठं पाकीट काढून दिलं आणि ‘कपाळ भरून दिसंल’ म्हणालो. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

“भामाबाई, नंबर कामून उतरवला?” तिनं हळूच विचारलं.

भामाबाई दोरीवरची पाकिटं चाळू लागली. सारजाबाईनं स्वतःच्या कपाळाकडं बोट केलं. “हे असं हाय का?” भामाबाईनं मान हलवली. सारजाबाईनं शटर अर्धं ओढलं, तिचा हात धरला आणि तिला जिन्यानं वर घेऊन गेली.

तेव्हापासून दुकानाचा एक नियम झाला. कुणी मोठा नंबर मागितला की सारजाबाई पाकीट काढायच्या आधी का म्हणून विचारते. बहुतेकींचं उत्तर ‘हौस’ असतं, त्यांना ती टिकली देते आणि रात्री काढून ठेवायला बजावते. काही जणींचं उत्तर लगेच येत नाही. अशा नऊ बायका तिनं दिवाळीपर्यंत वर पाठवल्या. पाठीवर लाल उठलेल्या त्या दोन जातींची पाकिटं तिनं भिंतीवरून उतरवली, आणि भिंत थोडी उघडी पडली तर पडू दिली.

दसऱ्याच्या सुमारास एका शेकाच्या वेळी विशाखा भिंग घेऊन कपाळावर वाकली आणि हसली. तिनं आरसा सारजाबाईच्या हातात दिला. पांढऱ्या डागात तिळाएवढे चार-पाच तपकिरी ठिपके उमटले होते. “लवेच्या मुळाशी रंग शिल्लक असतो,” विशाखा म्हणाली. “तो वर येतोय. आता ठिपके वाढतील आणि एकमेकांना मिळतील.” सारजाबाई त्या ठिपक्यांकडं इतका वेळ बघत राहिली की बाहेरच्या पेशंटनं दोनदा दार वाजवलं. घरी गेल्यावर तिनं बद्रीनाथला चष्मा लावायला लावून ते मोजून घेतले. त्यानं सहा मोजले. ती पाच म्हणत होती, पण सहाला तिची हरकत नव्हती.

साखरपुडा आला तेव्हा डाग साधारण अर्धा भरला होता. अर्धा म्हणजे दुरून बघणाऱ्याला उलट जास्तच दिसणारा, पांढऱ्यावर तपकिरी, चितरंगी. आदल्या दिवशी विशाखानं एक छोटी डबी दिली. कातडीच्या रंगाचं झाकणारं क्रीम, घामानं जात नाही, अपाय करत नाही. “हवं असलं तर लावा. यात लाजण्यासारखं काही नाही,” ती म्हणाली.

सकाळी मोनिका ती डबी घेऊन आईसमोर बसली. तिला आता सगळं माहीत होतं. बोटावर थोडं क्रीम घेऊन तिनं आईच्या कपाळाकडं हात नेला, आणि सारजाबाईनं तो धरला.

“तू काय म्हणतीस?”

“मी काय म्हणणार? तुला भीती वाटत असंल तर लावू.”

भीती वाटत होती. मोनिका लग्नाला किती खूश आहे हे सारजाबाईला दिसत होतं, आणि ती खुशी आपल्या कपाळावरून मोडेल ही तिला धास्ती होती. पण आज झाकलं की उद्या झाकायचं, लग्नात झाकायचं, दिवाळसणाला झाकायचं, आणि मग पडेगावात कुणाला कळलं तर ते मोनिकाला तिच्या घरात ऐकावं लागणार. आपण तिथं नसणार. “आपल्यासमोर काय बोलायचं ते बोलू दे त्यांना,” ती म्हणाली. “तुपल्या मागं नको.” मोनिकानं बोटावरचं क्रीम पुसून टाकलं.

हॉल लहान होता, माणसं दीडशे. अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या, मग विहिणींना पाटावर बोलावलं. सारजाबाई मोकळ्या कपाळानं समोर उभी राहिली तशी बायकांच्या बाजूची कुजबूज थांबली. चतुराबाईंनी बोट कुंकवात बुडवलं, वर बघितलं, आणि बोट तसंच राहिलं.

“विहीणबाई, हा डाग हाय,” सारजाबाई म्हणाली. हे सगळ्यांना ऐकू गेलं. “टिकलीच्या गोंदानं झाला, इलाज चालू हाय. बैठकीत सांगितलं नाय, तवा धीर झाला नाय. डागावर कुंकू चालत नाय, वर केसापाशी लावा.”

चतुराबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण मागून त्यांची नणंद पुढं आली. “वहिनी, हे आधी सांगाय पायजे होतं. कोड कोडच असतं, नाव कायबी ठेवा. उद्या पोरंबाळं होतील. दादाला इचारा, घाई करू नका.” हॉलमध्ये बसलेला इंद्रजीत उठून उभा राहिला. मोनिका मान खाली घालून बोटातल्या नव्या अंगठीकडं बघत होती. सारजाबाईला वाटलं, सहा वर्षं ज्याला भ्यालो ते हेच.

चतुराबाईंनी सारजाबाईच्या केसांच्या रेषेजवळ कुंकवाचं बोट टेकवलं. मग रीतीप्रमाणं सारजाबाईची पाळी आली. तिनं बोट कुंकवात घातलं आणि समोरच्या ठसठशीत टिकलीच्या दिशेनं नेलं, तशी चतुराबाईंची मान मागं गेली. इंचभरच. बघणाऱ्या कुणाला ते कळलं नसतं. पण तो इंच सारजाबाईला चांगला ठाऊक होता, कारण गेली सहा वर्षं तिची स्वतःची मान तेवढीच मागं जात होती. तिनं टिकलीकडं नीट बघितलं. नंबर एक.

तिनं बोट खाली घेतलं, चतुराबाईंच्या मंगळसूत्राला कुंकू लावलं, आणि गळाभेटीला पुढं झाली. तोंड कानाजवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, “किती साल झाले?”

चतुराबाईंचं अंग ताठ झालं. “आठ,” त्या पुटपुटल्या. “पोराची तीन स्थळं परत लावली मी. पोरीकडच्या बायका जवळून बघतील म्हणून.”

“बरं होतंय ते. मपलं अर्धं झालं.”

भेट लांबली. फोटोवाला ‘इकडं बघा’ म्हणत राहिला आणि दोघींपैकी कुणी बघेना. शेवटी चतुराबाई बाजूला झाल्या. त्यांनी नणंदेकडं बघितलं, कपाळाला हात नेला, आणि सगळ्या हॉलसमोर टिकली काढली. खाली पांढरं होतं, सारजाबाईपेक्षा मोठं. नणंदेचा हात धरून त्यांनी ती टिकली तिच्या तळहातावर ठेवली.

“घाई करू नका म्हणालीस ना. मग बस, आणि मपल्या इंद्रजीतचाबी इचार कर. ह्या बाईनं त्याला पोरगी द्यावी का नाय?”

नणंद टिकली हातात घेऊन उभी राहिली. मग सारजाबाईनं पाटावरूनच, दुकानात गिऱ्हाइकाला देते तसं सरळ उत्तर दिलं.

“दिली,” ती म्हणाली.